लहानीचं फेक अकाउंट, तक्रार, आणि अकाउंट गेल्यावरही न गेलेली पोटदुखी

लहानीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, विचारून लिहितेय. लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं, तिनं काही ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या. गाव अमळनेरकडचं, यापेक्षा जास्त सांगणार नाही, कारण पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, केसमध्ये पोरीची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, आणि ज्यांनी हे केलं ती पोरंही अठराच्या आतली, त्यांचीही ओळख कायद्यानं झाकलेलीच ठेवायची असते. म्हणून शाळा, क्लास, दवाखाना, कोणाचंच नाव यात नाही. पण काय काय करावं लागलं आणि कशानंतर काय, ते सांगते, कारण आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं आणि नेटवर जे सापडतं ते एकतर इंग्रजीत, नाहीतर नुसतं "घाबरू नका, पालकांशी बोला" एवढंच.

मी नोकरीमुळे जळगावला असते. लहानी तेव्हा दहावीला, गावाला आई, नाना आणि जिजीजवळ. नाना म्हणजे वडील, जिजी म्हणजे आमची आजी. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि तिचं पोट दुखायला लागलं. सकाळी आंघोळ करून युनिफॉर्म घातला की दुखायचं, कधी उलटी व्हायची, दुपारी जरा बरं, रविवारी काहीच नाही. डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली, मग सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. जिजीनं मीठ-मिरच्यांनी नजर काढली. आई म्हणायची दहावी आहे ना, अभ्यासाचं टेन्शन असेल.

थंडीत आमच्याकडे शेतात भरीत करतात, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची आणि तिथेच बसून भरीत-पुरी खायची, काका-काकू, चुलतभाऊ सगळे जमतात. मी त्यासाठीच आले होते. लहानी खाटेवर बसलेली, ताट मांडीवर, बाजूला मोबाईल पालथा. तो मोबाईल नुसता व्हायब्रेट झाला, रिंगसुद्धा नाही. तिच्या हातातला घास ताटात पडला आणि ती मोबाईलकडे बघतच राहिली, उचलेना पण आणि नजर पण काढेना. मी हात धरला तर तळवा घामानं ओला आणि बोटं गार. जाळाला लागून बसलेली पोरगी आणि बोटं गार. ॲसिडिटीत असं होत नाही.

रात्री आतल्या खोलीत दोघीच होतो तेव्हा मी म्हटलं, मोबाईलमधलं दाखवायचं नसेल तर दाखवू नको, फक्त एवढं सांग, कोणी त्रास देतंय का. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तू नानांना सांगशील, मग ते माझी शाळा बंद करतील." त्या पोरांपेक्षा तिला या गोष्टीची भीती जास्त होती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे पोरी गप्प बसतात त्या बऱ्याचदा यामुळेच, त्रास कोणी का देईना, मोबाईल तिचाच जातो आणि क्लास तिचाच सुटतो.

झालं होतं असं की गॅदरिंगच्या डान्सचे फोटो क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले होते, त्यातला तिचा फोटो घेऊन कोणीतरी तिच्या नावानं फेक अकाउंट उघडलं, आडनावासकट. आधी नुसते घाणेरडे कॅप्शन, मग तिचा चेहरा दुसऱ्याच कोणाच्या उघड्या अंगाला जोडलेला फोटो. आता त्यासाठी काही यावं लागत नाही, ॲप असतात. खाली वर्गातल्यांच्या कमेंट, तिच्या चेहऱ्याचे स्टिकर करून ग्रुपवर फिरवलेले, आणि शाळेत तिच्या बेंचजवळून जाताना पोरं त्या अकाउंटचं नाव हळूच म्हणायची, नुसतं नाव, सरांनी ऐकलं तरी काही कळणार नाही असं. वर मेसेज, की ब्लॉक केलंस किंवा कोणाला बोललीस तर अजून आहेत, ते पण टाकू. दिवसा शाळेत तेच, रात्री पांघरुणात तेच, पोरीला सुटायला जागाच नव्हती.

तिला सगळं डिलीट करून टाकायचं होतं. साहजिक आहे. पण डिलीट केलं की पोलिसांना दाखवायला काही राहत नाही, म्हणून आधी प्रोफाईलचे, कमेंटचे, धमकीच्या मेसेजचे स्क्रीनशॉट घेतले, तारीख-वेळ दिसेल असे. युजरनेम लिहून ठेवणं पुरत नाही, ते केव्हाही बदलता येतं, त्यामुळे प्रोफाईलची आणि एकेका पोस्टची लिंक कॉपी करून स्वतःलाच मेल केली. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, अठराच्या आतल्या मुलीचा अश्लील फोटो डाऊनलोड करून ठेवणं किंवा पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे, तुमचा हेतू मदतीचा असला तरी तो फोटो काकांना दाखवायला म्हणून घरच्या ग्रुपवर टाकायचा नाही. आम्ही त्या फोटोची फक्त लिंक ठेवली.

मग तक्रार. खूप जण १९३० ला फोन करा म्हणतात, पण तो नंबर ऑनलाईन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. अशा त्रासासाठी केंद्र सरकारचं सायबर क्राईम पोर्टल आहे, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन, २०१९ पासूनचं, त्यात महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे. तिथे नाव न देता पण तक्रार करता येते, पण पुढे काय झालं ते बघत राहायचं असेल तर नाव-नंबर देऊनच करावी लागते, ओटीपी येतो, शेवटी एक नंबर मिळतो, तो जपून ठेवायचा. १०९८ ला पण फोन केला, चाइल्डलाईन, चोवीस तास चालू आणि फुकट. त्यांनी माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दिली आणि तिथून परत फोन आला, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट होती, कोणीतरी स्वतःहून फोन करून पोरगी कशी आहे विचारलं.

त्यानंतरच ॲपवर रिपोर्ट केलं. पहिलं उत्तर आलं की नियम मोडलेला दिसत नाही. ते वाचून लहानी खूप रडली. मला ते तिला दाखवल्याचा पश्चात्ताप नाही, पण राग फार आला, मशीन उत्तर देतं आणि इथे पोरगी जेवत नाही. पण तिथे थांबायचं नसतं. २०२१ च्या आयटी नियमांनुसार मोठ्या ॲपना भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो, आणि उघडा किंवा मॉर्फ केलेला फोटो असेल तर तक्रारीपासून २४ तासांत तो हटवायची जबाबदारी तेव्हा त्या नियमांनी टाकलेली होती, २०२६ मध्ये ही मुदत आणखी कमी झाली. त्या अधिकाऱ्याला मेल केला, लिंक, पोर्टलचा तक्रार नंबर, मुलगी अल्पवयीन आहे हे पहिल्याच ओळीत. अकाउंट गेलं. काढून टाकलं तरी कंपनीला त्याची माहिती १८० दिवस जपून ठेवावी लागते, हेही त्याच नियमांत आहे, त्यामुळे पुरावा जाईल म्हणून अकाउंट चालू ठेवायची गरज नाही, तुमचे स्क्रीनशॉट आणि लिंक झाल्या की हटवायला सांगा. इथे नाही जमलं तर २०२३ मध्ये सुरू झालेली सरकारी अपील समिती आहे, तिच्याकडे ऑनलाईनच जाता येतं, आमच्यावर ती वेळ आली नाही.

नानांना सांगितलं तेव्हा ते एकदम उठले, गाडीची चावी घेतली. कोणाच्या घरी जाणार होते ते त्यांनाही माहीत नव्हतं. आईनं दार धरलं. मग बसले आणि म्हणाले, मोबाईल काढून घ्या तिचा. यावर माझं आणि त्यांचं बरंच झालं. मोबाईल काढला तर ज्या दोन मैत्रिणी तिच्याशी बोलतात त्याही तुटतील, आणि उद्या काही नवीन आलं तर ती सांगणार नाही, कारण एकदा सांगितल्यावर काय होतं ते तिनं बघितलं. शेवटी मोबाईल राहिला. अकाउंट प्रायव्हेट केलं, टॅग आणि अनोळखी मेसेज बंद केले, काही आलं तर न उघडता मला सांगायचं एवढं ठरलं.

बातमी भाऊबंदकीत गेलीच. एक काका येऊन बसले, म्हणाले पोरीची जात आहे, उद्या स्थळं बघायची, दहावीचं वर्ष, बभ्रा कशाला, बोलावून घ्या पोरांच्या बापांना आणि मिटवून टाका. नाना खाली बघत होते. जिजी कोपऱ्यात लसूण सोलत होती, हात न थांबवता म्हणाली, "मन्ही नातनी काय चोरी करी का? ज्यासनी करं त्यासनी तोंड लपाडानं." काका चहा पिऊन गेले. नाना दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत पोलिसांकडे आले.

तिथेही पहिला सल्ला तोच, आधी शाळेत बघा, लहान पोरं आहेत, मग या. मी पोर्टलचा नंबर आणि लेखी अर्ज पुढे ठेवला. पोक्सोच्या १९ व्या कलमात आहे की असा गुन्हा माहीत असलेल्या कोणीही तो कळवलाच पाहिजे, आणि २१ व्या कलमात न कळवण्याला आणि न नोंदवण्याला शिक्षा आहे. आवाज चढवावा लागला नाही, पण कलम माहीत नसतं तर आम्ही परत आलो असतो, हे नक्की. गुन्हा अज्ञात आरोपींवर नोंदवला गेला. पोक्सोचं ११ वं कलम लैंगिक छळाचं, त्यात मुलाच्या किंवा मुलीच्या शरीराचं खरं किंवा बनावट चित्रण वापरायची धमकी देणं सरळ लिहिलेलं आहे, शिक्षा १२ व्या कलमात, तीन वर्षांपर्यंत. सोबत आयटी कायद्याचं कलम. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. स्क्रीनशॉटच्या प्रिंट दिल्या त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं सर्टिफिकेट लागलं, कोणत्या मोबाईलवरून काढले वगैरे, त्याचा नमुना ठरलेला असतो.

लहानीला पोलीस स्टेशनला जायची भीती होती, पण जावंच लागलं नाही. पोक्सोमध्ये मुलांचा जबाब घरी किंवा मुलं म्हणतील तिथे घेतात, होईल तोवर महिला अधिकारी, वर्दीशिवाय, आणि विश्वासाचं माणूस शेजारी. मॅडम पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. मधल्या खोलीत बसल्या, आधी भूमितीचं पुस्तक हातात घेऊन म्हणाल्या, हा धडा मला कधीच जमला नाही. मग हळूहळू विचारलं. लहानी माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत सगळं बोलली, जे मला पण सांगितलं नव्हतं ते पण. लिहिलेलं वाचून दाखवल्यावर तिनं एक तारीख चुकलीय म्हणून दुरुस्त करून घेतली. त्या दिवशी संध्याकाळी ती पोटभर जेवली, शेवभाजी, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

शाळेचं थोडक्यात सांगते. तोंडी बोलू नका. अर्ज द्या, दुसऱ्या कॉपीवर सही-शिक्का आणि इनवर्ड नंबर घ्या. शाळांमध्ये सखी सावित्री समिती असायला हवी, राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय आहे तो, अर्जात आम्ही समितीचं नाव घेऊन मागणी केली म्हणून बैठक झाली. आम्हाला सुचवलं गेलं की पोरीला प्रीलिमपर्यंत घरीच ठेवा, हजेरीचं बघून घेऊ. चांगल्या मनानं म्हणाले असतील. पण आम्ही लेखी दिलं की ती तिच्याच तुकडीत बसेल, हलवायचं तर त्यांना हलवा, आणि तिला भरून आलं तर न विचारता उठून जिच्याकडे जाता येईल अशी एक शिक्षिका ठरवून द्या. तिघं पोरं दुसऱ्या तुकडीत गेली.

हो, तिघं निघाली. तिच्याच वर्गातली. त्यातला एक श्रावणात कानबाईच्या रोटांना आमच्या पंगतीत बसलेला, जिजीनं वाढलं होतं त्याला. अठराच्या आतले म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं, २०१५ च्या कायद्याप्रमाणे, तिथे जेल वगैरे नाही, पोराच्या घरची परिस्थिती काय याचा अहवाल होतो, परिविक्षा अधिकारी असतो, समुपदेशन, समाजसेवा असे आदेश मंडळ देऊ शकतं. एकाची आई घरी येऊन आईच्या पायाशी बसली, म्हणाली लेकरू आहे हो, चुकलं. मला तिचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं, आणि त्या पोराचं आयुष्य खराब व्हावं असं मला खरंच वाटत नाही. पण लेकरू तर आमची पण होती. आईनं तिला पाणी दिलं आणि तक्रार मागे घेणार नाही म्हणून सांगितलं.

आता जे सगळ्यात जास्त चाललं ते. अकाउंट गेलं, पोरं सापडली, तुकडी बदलली, आणि पोटदुखी वाढली. घरात कोणाला कळेना, आता तर सगळं झालं ना. शाळेत कोणी हसलं की तिला वाटायचं माझ्यावरच, रात्री दोनला उठून स्वतःचं नाव सर्च करायची, नवीन काही आलं का. एका रात्री तिनं मला फोन केला, श्वास लागलेला, छातीत धडधड, म्हणाली ताई मी मरतेय का. मी दुसऱ्या फोनवरून १४४१६ लावला, टेली मानस, केंद्र सरकारची मोफत लाईन, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली, मराठीत बोलतात. त्या ताईंनी मला सांगितलं तिला काय सांगायचं ते: श्वास नाकानं आत घे, त्यापेक्षा जास्त वेळ लावून तोंडानं सोड, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घे. मी इकडून बोलत होते, ती तिकडे पुटपुटत होती, कपाट, पंखा, दप्तर, जिजीची काठी. हळूहळू आवाज खाली आला.

मग सरकारी दवाखान्याची मानसोपचार ओपीडी, केसपेपर काढून. डॉक्टरांनी आधी आईला सांगितलं, हिचं पोट खरंच दुखतं, ही नाटक करत नाही. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं, हृदय जोरात चालतं, रक्त हातापायांकडे वळतं, पोटाचं काम बिघडतं, धोका गेला तरी शरीराला ते पटायला वेळ लागतो. आणि शाळा टाळली की त्या दिवसापुरतं बरं वाटतं पण भीती वाढते, म्हणून टाळायचं नाही आणि ढकलायचंही नाही. पायऱ्या ठरवून दिल्या. आधी नुसता युनिफॉर्म घालून ओट्यावर बसायचं. मग नानांच्या गाडीवर गेटपर्यंत जाऊन परत. मग दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. एक पायरी सोपी वाटायला लागल्यावरच पुढची, आणि मागे आलं तरी चालेल. मोबाईलचं पण तसंच, दिवसात थोडा वेळ आवाज चालू ठेवायचा आणि वाजल्यावर लगेच उचलायचा नाही, श्वास झाला की मग बघायचं. गोळ्याही होत्या काही काळ. काकू म्हणाल्या वेड्याच्या गोळ्या देताय का पोरीला, नाना त्यांना म्हणाले, साखरेच्या गोळ्या मी घेतो ना, तशाच या. नानांना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

प्रीलिमला बीजगणिताच्या पेपरातून ती उठून आली. तेव्हा घरी म्हणाली, मी नसते तर तुम्हाला एवढं झालंच नसतं. हे वाक्य आम्ही "असं बोलू नये" म्हणून उडवलं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तिला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का, कधी, कसा विचार येतो. मला धस्स झालं, पण डॉक्टर म्हणाले विचारल्यानं असा विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती बोलली. घरातली फवारणीची औषधं नानांनी त्याच संध्याकाळी शेतातल्या खोलीत कुलपात नेऊन ठेवली, शेतकऱ्याच्या घरात हे आधी करायचं. काही दिवस जिजी तिच्या शेजारी झोपली, ती रात्री उठली की जिजी नुसतं "काय व्हयनं माय?" म्हणायची आणि हात धरून पडून राहायची.

बोर्डाची परीक्षा तिनं दिली, सगळे पेपर पूर्ण. मार्क अपेक्षेपेक्षा कमी आले आणि घरात त्यावर कोणी काही बोललं नाही. बाल न्याय मंडळापुढचं काम चालू आहे, तारीख असली की नाना अमळनेरहून गाडीनं येतात आणि आम्ही दोघं जातो, तिला प्रत्येक वेळी यावं लागत नाही. ओपीडी महिन्यातून एकदा. परीक्षेच्या दिवसांत पोट अजूनही दुखतं, पण आता ती स्वतःच सांगते की भीतीचं दुखतंय का खाण्याचं.

अकरावीला तिला सायन्स पाहिजे होतं. जे कॉलेज जवळ आहे तिथे त्या तिघांतला एक जातोय हे कळलं, नाना म्हणाले आपण धुळ्याला बघू, होस्टेल लावू. लहानी म्हणाली, मला होस्टेलला जायचंच असतं तर मी सांगितलं असतं, त्याच्यासाठी मी कशाला जाऊ. ॲडमिशन तिथेच घेतलंय. त्या पोलीस मॅडमनी जाऊन प्राचार्यांना कल्पना दिलीय, एफआयआरची कॉपी दप्तरात नाही, आईजवळ फाईलमध्ये आहे.